औषध दिल्यावर शरीरात काय होतं: इंदूरच्या नव्या नर्सिंगवाल्यांसाठी

जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंगला नुकतीच लागलेली आपली राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्य नगरकडची पोरंपोरी भेटली की एकच रडगाणं, ताई फार्माकोलॉजी (औषधशास्त्र) डोक्यात जातच नाही. बरोबर आहे, पुस्तक इंग्रजीत, मॅडम शिकवणार हिंदीत, घरी आई विचारणार मराठीत आणि वॉर्डात पेशंट सांगणार "सिस्टर, जी घबरा रिया है". त्यात प्रत्येक औषधाखाली साइड इफेक्टची तीच यादी, मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर. सगळ्यांनाच तेच लिहिलंय तर पाठ काय करायचं कप्पाळ?

तर माझं म्हणणं असं की ती यादी पाठ करणं सोडा. औषध हातात घेतलं की त्याला विचारा, तू आत कुठून जाणार, कुठे जाऊन बसणार, किती वेळ राहणार आणि बाहेर कुठून पडणार. साइड इफेक्ट म्हणजे बहुतेक वेळा काही वेगळं नसतं, जे काम आपल्याला एका जागी हवं होतं तेच काम नको त्या जागी पण झालेलं असतं. हे एकदा कळलं की निम्मी यादी स्वतःहून सुचते.

खाली जे आकडे देतेय ते साधारण मोठ्या माणसाचे आहेत, लहान मुलांचं सगळं वजनावर. डोस बदलायचा अधिकार आपल्याला नाही, डॉक्टरची लेखी ऑर्डर आणि आपल्या वॉर्डचा प्रोटोकॉल वरचढ. आपलं काम बघणं, थांबवून विचारणं आणि वेळेत कळवणं, आणि हे काम काही छोटं नाहीये.

पायरी १: आत कुठून शिरतंय

गोळी गिळली की ती पोटातून आतड्यात, तिथून रक्तात, आणि ते रक्त अंगभर फिरायच्या आधी सरळ लिव्हरकडे जातं. लिव्हर म्हणजे टोलनाका समजा, पोटातून आलेल्या बहुतेक औषधांकडून थोडंफार कापून घेणारच, कोणाकडून किरकोळ तर कोणाकडून जवळजवळ सगळंच. म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात, तिथल्या शिरांतून औषध लिव्हरला वळसा घालून थेट रक्तात जातं आणि दोन-चार मिनिटांत काम सुरू होतं. पण आपल्याकडचा पेशंट गोळी दिसली की पाणी मागतो आणि गटकन गिळून मोकळा होतो, तेव्हा समोर उभं राहून सांगा, "चाचा, निगलना नहीं, जीभ के नीचे दबा के रखो".

सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. हृदयावरचा भार कमी होतो म्हणून दुखणं थांबतं, पण डोक्यातल्या रक्तवाहिन्या पण सैल होतात म्हणून डोकं ठणकतं, आणि अंगभर सैल झाल्या की बीपी पडतो. बघा, तीन गोष्टी, पण काम एकच. म्हणून देण्याआधी बीपी बघायचा, वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरला विचारायचं, आणि पेशंटला बसवून किंवा झोपवून द्यायची, उभ्याने नाही. अजून एक प्रश्न विचारायचा असतो जो विचारायला सगळ्या लाजतात, काल-परवा सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतलीय का. दोन्ही एकत्र आल्या की बीपी असा कोसळतो की सावरायला वेळ मिळत नाही. नातेवाईकांना जरा बाहेर पाठवून विचारा, पण विचारा.

आता कुटायच्या गोळ्या. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असली की खलबत्ता काढून सगळ्या गोळ्या एकत्र कुटायची सवय बऱ्याच वॉर्डांत आहे आणि नवीन पोरी तेच बघून शिकतात. पॅन्टोप्राझोलच्या गोळीवर जे आवरण असतं ते पोटातल्या ॲसिडपासून औषधाला वाचवायलाच असतं, कुटलं की औषध आतड्यापर्यंत पोचायच्या आधीच संपलं. आणि ज्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर लिहिलंय त्या दिवसभर हळूहळू सुटायच्या असतात, कुटल्या तर दिवसभराचा माल एका दमात रक्तात. फार्मसीत विचारा, त्याच औषधाचं सिरप, पाण्यात विरघळणारी गोळी किंवा इंजेक्शन बहुतेक मिळतंच, नाहीच मिळालं तर ऑर्डर बदलून घ्या.

जेवणाआधी की नंतर, याचंही कारण शोधा. पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, कारण खाणं सुरू झालं की पोटातले ॲसिडचे पंप जागे होतात आणि हे औषध जाग्या पंपांनाच बंद करतं. पोहे-जिलबी झाल्यावर ही गोळी घेणारे अर्धं इंदूर आहे, ते सोडा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर नाही, कॅल्शियम त्याला पकडून ठेवतं. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून तिथे व्रण होतो. दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक जेवल्यावर, पण इंजेक्शन दिलं म्हणजे पोट वाचलं असं अजिबात नाही. पोटाच्या आतल्या थराला सांभाळणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध रक्तातूनच कमी करतं, त्यामुळे कमरेत टोचलं तरी अल्सरवाल्याला त्रास व्हायचाच. तेच प्रोस्टाग्लँडिन किडनीला रक्त पोचवायला मदत करतात, म्हणून किडनीच्या पेशंटला पण हे नको. आणि डेंगू असायची शंका आहे तोवर ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, डायक्लो, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नाही, कारण रक्तस्रावाचा धोका आधीच आहे.

पायरी २: कुठे जाऊन बसतं

पेशींवर रिसेप्टर असतात, औषध त्यांच्यावर बसून एकतर त्यांना चालू करतं नाहीतर जागा अडवून बसतं. इतकंच. आता बीटा-१ मुख्यतः हृदयात आणि बीटा-२ श्वासनलिकांत एवढं लक्षात ठेवलं की बघा किती निघतं. साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन दिलं, बीटा-२ चालू झाले, छाती मोकळी झाली, पण बीटा-२ हाताच्या स्नायूंत पण आहेत म्हणून बोटं थरथरतात, थोडं बीटा-१ ला पण लागतं म्हणून धडधडतं, आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत सरकतं म्हणून वारंवार नेब देतोय त्या पेशंटचं पोटॅशियम बघावं लागतं. उलट बाजूला प्रोप्रॅनोलॉल, ते दोन्हीकडची जागा अडवतं, म्हणजे पल्स उतरली पण दमेकऱ्याच्या नळ्या पण आवळल्या. म्हणून "दमा है क्या, पंप लेते हो क्या" हे आधी विचारायचं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यात टाकले तरी दमेकऱ्याला हे होऊ शकतं, थेंबच तर आहे म्हणून सोडायचं नाही.

ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी. सेफ्ट्रिॲक्सोन (अँटिबायोटिक) सुरू केलं आणि पाच मिनिटांत पेशंटच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घशात घरघर, बीपी पडला. पहिलं काम ते औषध बंद, हाक मारा, आणि ॲड्रिनालिन. एका ॲम्प्युलमध्ये १ मिलिग्रॅम १ मिलीत असतं, त्यातलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. ते एकाच वेळी तीन जागी काम करतं, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं आणि श्वासनलिका उघडतं, असं दुसरं कुठलंच औषध करत नाही. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी परत. मी जागोजागी बघते की हात आधी एव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे (स्टेरॉइड) जातो. ती द्यायची, पण नंतर, पहिल्या मिनिटांत जीव वाचवणारी ती नाहीत. पेशंट आडवा, पाय वर, आणि उठून बसायला द्यायचं नाही, पण श्वास फारच अडकत असेल तर बसू द्या.

आता जे इथल्या वॉर्डात शिकल्याशिवाय कोणी पास होऊ नये असं मला वाटतं ते, कीटकनाशकाचं विष. धार, झाबुआ, खरगोन, बडवानीकडून पेशंट येतात, कोणी फवारताना अंगावर घेतलेलं, कोणी रागात प्यायलेलं. ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक प्रकार) असेल तर ते ॲसिटाइलकोलिन, म्हणजे नसांचा निरोप पुढे पोचवणारं रसायन, मोडणारं एन्झाइम बंद पाडतं, आणि मग ॲसिटाइलकोलिन साचत जातं. परिणाम काय, तर सगळीकडे ओल. लाळ गळते, घाम, डोळ्यांत पाणी, छातीत खरखर, संडास-लघवी कपड्यांत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, पल्स मंद. पेशंट खाटेवर आला की सगळ्यात आधी तुमचे हातमोजे, कारण त्याच्या कपड्यांतून ते विष तुमच्या कातडीत पण जातं. कपडे काढून पिशवीत बंद, अंग साबणपाण्याने धुवायचं.

ॲट्रोपिन ॲसिटाइलकोलिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि त्याला जागाच देत नाही. आपल्याकडे ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं येतं, त्यामुळे एका डोसला दोन-चार ॲम्प्युल सहज फुटतात, फरक नसेल तर डॉक्टर पाच-पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जातात, ढीगभर काचा बघून घाबरू नका. कुठे थांबायचं हे कसं कळतं? बाहुल्यांकडे टक लावून बसू नका, त्या उशिरा मोठ्या होतात. स्टेथोस्कोप लावा, छाती कोरडी झाली का. पल्स ८० च्या वर गेली का, वरचा बीपी ८० च्या वर आला का. आणि काखेत हात घाला. खरंच हात घाला, हातमोजा चढवून, बोटं ओली येतात की कोरडी. काख कोरडी म्हणजे औषध पोचलं. मग पुढे दर पंधरा मिनिटांनी तेच चार, छाती, पल्स, बीपी, काख, आणि चार्टवर लिहायचं. जास्त झालं की पेशंट तापतो, बडबडतो, हवेत काहीतरी पकडायला जातो, पोटातले आवाज बंद, लघवी अडते, तेव्हा नातेवाईक म्हणतील बाहेरची हवा लागली, तुम्ही डॉक्टरला सांगा ॲट्रोपिन जास्त झालंय वाटतं.

अजून एक, ॲट्रोपिन स्नायूंवरच्या निकोटिनिक रिसेप्टरवर (ॲसिटाइलकोलिनचाच दुसरा प्रकारचा रिसेप्टर) काम करत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळे जरा निवांत झालेले असताना, पेशंटची मान लुळी पडते आणि मग श्वास. रोज राउंडच्या आधी एकदा म्हणा, "भैया, तकिये से सिर उठाओ". नाही उचलता आलं तर वाट बघायची नाही, तेव्हाच्या तेव्हा कळवा.

हे समजलं की सर्दीच्या गोळीने आजोबांची लघवी का अडते ते आपोआप कळतं. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, पोटदुखीचं हायोसिन, सगळे थोडेथोडे ॲट्रोपिनचेच भाऊबंद, तोंड कोरडं, संडास कडक, आणि प्रोस्टेट असेल तर लघवी बंद.

मॉर्फिनचं पण असंच. अफूची परवान्याची शेती आपल्याच माळव्यात, मंदसौर, नीमच, रतलामकडे होते आणि नीमचला सरकारी अल्कलॉइड कारखाना आहे, त्यामुळे डोडा चुऱ्याची (अफूच्या सुक्या बोंडांचा भुगा) सवय असलेले पेशंट त्या बाजूने येत असतात. मॉर्फिनचे रिसेप्टर वेदनेच्या वाटेवर आहेत, श्वासाच्या केंद्रात आहेत आणि आतड्यात पण आहेत. म्हणून दुखणं कमी, श्वास मंद, संडास बंद, बाहुली बारीक. बाहुली बारीक तर विषात पण होती, मग ओळखायचं कसं? विषवाला ओला आणि खरखरणारा, अफूवाला कोरडा आणि मिनिटाला सहा-आठ श्वास घेत शांत पडलेला. मॉर्फिन देण्याआधी श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, १२ च्या खाली असतील तर द्यायचं नाही, कळवायचं.

पायरी ३: घड्याळ

रात्री बीपी १७० आला, ऑर्डरप्रमाणे ॲम्लोडिपिन दिली, अर्ध्या तासाने परत मोजला, तसाच, मग घाबरून फोन. अहो, ॲम्लोडिपिनला रक्तात पुरती चढायलाच ६ ते १२ तास लागतात आणि अर्धी उतरायला ३० ते ५० तास. तिचा पूर्ण परिणाम आठवड्याभराने दिसतो. पायाला सूज आली तर ती पण तिचीच, अंगात जास्तीचं पाणी साचलेलं नाही, त्यासाठी लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) मागू नका.

अर्धं उतरायला लागणारा वेळ म्हणजे हाफ लाइफ, आणि साधारण चार-पाच हाफ लाइफ झाले की औषध एकतर रक्तात स्थिर होतं नाहीतर, बंद केलं असेल तर, जवळजवळ संपतं. पॅरासिटामॉलचं २-३ तास, म्हणून ते दिवसातून तीन-चारदा. थायरॉईडच्या गोळीचं आठवडाभर, म्हणून एखाद दिवस चुकली तर आकाश कोसळत नाही. नॅलोक्सोन मॉर्फिनला रिसेप्टरवरून हटवतं पण तासाभरात स्वतः उतरतं, मॉर्फिन मात्र अजून रक्तात असतंच, त्यामुळे जागा झालेला पेशंट परत झोपतो आणि श्वास परत मंदावतो. नॅलोक्सोन देऊन "चला, ठीक झाला" म्हणत चहाला गेलात तर गडबड.

लॅसिक्सची गोळी तासाभरात सुरू होते आणि सहा-आठ तास पळवते, म्हणून सकाळी द्यायची, संध्याकाळी उशिरा दिली तर म्हातारा माणूस रात्रभर बाथरूमला जाणार आणि अंधारात पडणार. शिरेतून पाच मिनिटांत सुरू, पण हळू ढकला, मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, भसकन दिलं की कानाला इजा होते. लघवीबरोबर पोटॅशियम जातं, पाय वळतात, आणि तोच पेशंट डिगॉक्सिनवर (हृदयाचं औषध) असेल तर कमी पोटॅशियमने डिगॉक्सिनचं विष चढतं, भूक जाते, मळमळतं, दिवे पिवळे-हिरवे दिसतात. डिगॉक्सिनची बऱ्याच जणांना आठवड्यातून पाचच दिवस ऑर्डर असते, शनि-रवि सुट्टी, ते फाइलमध्ये वाचून घ्या.

आता इन्सुलिन, इथे थोडं थांबू. साधं रेग्युलर इन्सुलिन टोचल्यापासून अर्ध्या तासात सुरू, २ ते ४ तासांत जोरात, ६-८ तासांत संपतं. म्हणून जेवणाआधी अर्धा तास. आता आपल्याकडे काय होतं, सकाळी साडेसातला तुम्ही टोचलं, पेशंटचा मुलगा म्हणाला मी खालून पोहे घेऊन येतो, आणि तो ठेल्यावर उसळ-शेव घालून स्वतः आधी खाऊन, दोन मित्रांशी बोलून सव्वानऊला वर आला. तोवर आजींना दरदरून घाम, हात थरथर, बोलणं भलतंच. म्हणून नियम असा की ताट समोर दिसल्याशिवाय किंवा नक्की येतंय कळल्याशिवाय सुई टोचायची नाही. शुगर ७० च्या खाली आणि शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. आणि पेशंट ॲटेनोलॉल-प्रोप्रॅनोलॉलवर असेल तर धडधड, थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो, त्यामुळे गार घामेजलेलं कपाळ दिसलं की आधी ग्लुकोमीटर.

पायरी ४: बाहेर कुठून पडतं

लिव्हर आणि किडनी, दोनच मोठ्या वाटा. ॲमिकासिन, जेंटामायसिन (दोन्ही अँटिबायोटिक), डिगॉक्सिन, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) किडनीतून जातात, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीची तपासणी) रिपोर्ट बघितल्याशिवाय हे सुरू असतील तर विचारा. पॅरासिटामॉल लिव्हरमध्ये मोडतं, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं की मोडताना जो विषारी भाग तयार होतो त्याला सांभाळायला लिव्हरकडे ग्लुटाथायोन उरत नाही. आणि चार ग्रॅम व्हायला वेळ लागत नाही, ड्रिपमधून दिवसात तीनदा एक-एक ग्रॅम चालू आहे, त्यात नातेवाईक घरून आणलेली सर्दीची गोळी देतायत, तिच्यात पण पॅरासिटामॉल. उशाखालची पिशवी बघत जा. उतारा एन-ॲसिटाइलसिस्टीन, जितका लवकर तितका बरा.

पायरी ५: आधी आकडा, मग औषध

वहीत प्रत्येक औषधापुढे एकच गोष्ट लिहा, देण्याआधी काय बघायचं. डिगॉक्सिन असेल तर हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपने पूर्ण मिनिट, ६० च्या खाली तर थांबा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलोल, पल्स आणि बीपी. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन असेल तर बीपी, पोटॅशियम, आणि बाई गरोदर तर नाही ना. वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारी गोळी), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी), आणि हिरड्यांतून रक्त येतं का, मेथी-पालक बंद करायला सांगू नका, रोज साधारण सारखं खा म्हणा. ॲमिकासिन, लघवी किती झाली, कानात आवाज येतो का. स्टेरॉइड, शुगर, आणि बरेच दिवसांपासून चालू असेल तर अचानक बंद झालेलं नाही ना, कारण शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं.

पायरी ६: ट्रॉलीवरची दोघींनी मिळून तपासायची औषधं

इन्सुलिनची सिरिंज हातात घेऊन एकदा नीट बघा. लाल टोपीची ४० युनिटची, नारंगी टोपीची १०० युनिटची. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या असतात आणि पेन-कार्ट्रिज १०० चे. आता १०० वालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला १० नाही, २५ युनिट गेले. उलट केलं, ४० वालं नारंगीत, तर फक्त ४. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग, दोन्ही मोठ्याने वाचायचे, दुसरी सिस्टर ऐकेल असे. उघडलेली बाटली २८ दिवस, त्यावर तारीख टाका, आणि मे महिन्यात इंदूरच्या उन्हात खिडकीत ठेवू नका, फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीचं ॲम्प्युल, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट, दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखं. शिरेत सरळ ढकललं की हृदय थांबतं, यात दुसरा चान्स नाही. नेहमी बाटलीत मिसळून, नीट हलवून, साध्या कॅन्युलातून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, आणि लघवी होत नसेल तर आधी विचारा. माझं तर मत असं की हे ॲम्प्युल ट्रॉलीवर ठेवूच नये, कुलपात असावं, काही ठिकाणी अजून ट्रेमध्ये बाकीच्यांबरोबर पडलेलं असतं ते बघून अंगावर काटा येतो.

लेबर रूमला लागलात तर मॅग्नेशियम सल्फेट. झटके थांबवतं कारण नसा-स्नायू शांत करतं, पण जास्त झालं की श्वासाचे स्नायू पण शांत. प्रत्येक डोसआधी गुडघ्यावर ठोका, पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी तासाला ३० मिली होतेय का. यातलं एक जरी नसेल तर डोस थांबवा आणि कळवा. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, हळूहळू दहा मिनिटांत, ते आधीच उशाशी काढून ठेवलेलं असावं.

आणि एका लाइनमधून काय काय घालताय ते बघा. सेफ्ट्रिॲक्सोन रिंगर लॅक्टेटबरोबर नाही, कॅल्शियमशी गोठून खडे होतात. फेनिटॉइन (फिटचं औषध) फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की तुमच्या डोळ्यांसमोर नळीत पांढरं होतं.

पायरी ७: पेशंटला विचारताना

"कोई दवाई चलती है?" विचारलं की उत्तर "नहीं". मग विचारा, बीपी की, शुगर की, थायरॉइड की, गैस की, नींद की, कोई पुड़िया, कोई तेल, आंख में कुछ? तेव्हा बाहेर येतं. आपल्या मराठी घरांतल्या मावशी-काकूंना वेगळं विचारावं लागतं, आज उपास आहे का. संकष्टीला खजरान्याच्या गणपतीला जाऊन यायचंय म्हणून सकाळपासून निरंकार, आणि शुगरची ग्लिमेपिराइड मात्र "औषध चुकवायचं नाही" म्हणून इमानदारीत घेतलेली. ही गोळी खाल्लं-न खाल्लं बघत नाही, पॅन्क्रियाजमधून इन्सुलिन काढतेच, आणि चंद्रोदयापर्यंत काकू टिकत नाहीत. उपासाला नावं ठेवू नका, त्याने त्या पुढच्या वेळी सांगणंच बंद करतील. "उपास असेल त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवू या का?" म्हणा, ऐकतात.

आणि शेवटी फोन. रात्री दोनला डॉक्टरला उठवायचं म्हणजे नव्या पोरी घाबरतात आणि "सर, पेशंट ठीक नहीं लग रहा" एवढंच बोलतात, मग समोरून ओरडा बसतो. आधी कागदावर लिहा, मग लावा. "सर, मेल मेडिकल, बेड १४, ६० साल, दस बजे मॉर्फिन ३ मिलिग्रॅम आयव्ही दिया था, अब रेस्पिरेशन ८ है, सॅच्युरेशन ८८, प्यूपिल पिनपॉइंट, आवाज देने पर आंख खोलता है, ऑक्सिजन लगा दिया, नॅलोक्सोन निकाल के रखा है, कितना देना है?" मग जे सांगतील ते लिहून परत वाचून दाखवा. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा सुटा म्हणायचा, "वन फाइव्ह, सर?" आणि सकाळी राउंडला त्या ऑर्डरवर सही घेऊन टाकायची.